दुकान एक, पाट्या तीन : वेगवेगळ्या टोपणनावांनी लिहिलेल्या पुस्तकांचा प्रचार

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. एक आजोबा नातवासाठी हत्तीच्या गोष्टीचं पुस्तक उचलतात. पुण्याचे आजोबा, त्यामुळे पैसे काढण्याआधी लेखकाचं नाव मोबाइलवर टाकून बघणारच. पहिल्याच चित्रात वाड्याची विहीर आणि तिच्या कठड्यावर रक्ताळलेला हात. लेखक तोच. आजोबा हत्ती होता तिथे ठेवून पुढच्या स्टॉलकडे निघतात. हत्तीच्या गोष्टीत काही खोट नव्हती आणि विहिरीच्या कथेतही नव्हती. दोघांना एकच नाव दिलं, तिथे गडबड झाली.

मराठी वाचकाला टोपणनाव म्हणजे फसवणूक कधी वाटली नाही. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोद 'बाळकराम' म्हणून. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेपुरते 'आरती प्रभू' झाले. त्यांच्या काळी नाव उघडं पडलंच तर संपादकाच्या खणातून किंवा मित्रांच्या बैठकीतून पडायचं. आता ते मोबाइलमधल्या संपर्क-यादीतून, पैसे भरताना दिसणाऱ्या बँकेतल्या नावातून आणि पुस्तकाच्या मनोगतातून फुटतं. म्हणून प्रचाराच्या आधी थोडी मांडामांड लागते. ती नीट झाली की पुढचं काम एका नावाच्या लेखकाला असतं त्यापेक्षा फार वेगळं नाही, फक्त जास्त आहे.

दुसरं नाव खरंच लागतं का?

कसोटी एकच ठेवा. एका प्रकारच्या वाचकाच्या हातात चुकून दुसऱ्या प्रकारचं पुस्तक पडलं, तर तो चिडेल किंवा घाबरेल का? बालकथा आणि भयकथा, बालकथा आणि शृंगारिक कादंबरी, वैद्यकीय सल्ल्याचं पुस्तक आणि राजकीय उपरोध या जोड्यांना वेगळी नावं हवीत. ऐतिहासिक कादंबरी आणि सामाजिक कादंबरीला नकोत, तो वाचक बऱ्याच अंशी एकच आहे. भयकथा आणि रहस्यकथेलाही नकोत. तिथे कव्हरची धाटणी बदलली की भागतं. कविता आणि ललितलेखनासाठी दोन नावं घेणं म्हणजे निव्वळ हौस. हौस करायला हरकत नाही, पण तिच्या प्रचारावर पैसे घालू नका.

पुढे उदाहरणासाठी एका लेखकाची तीन नावं धरली आहेत: बालकथेचं, भयकथेचं आणि वैचारिक-ललित लेखनाचं. प्रत्येक नाव वेळ खातं. पोस्ट, उत्तरं, हिशेब आणि एखादा फोन धरून एका नावाला आठवड्याला कमीत कमी चार तास जातात. तीन नावं म्हणजे बारा तास, आणि हे लिहिण्याचा वेळ सोडून. एवढे तास नसतील तर दोनच नावं ठेवा.

पडदा किती जाड?

उघड नाव म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, पण पुस्तकं वेगळी ओळखू यावीत म्हणून पाटी वेगळी. अर्धं उघड म्हणजे विचारलं तर सांगतो, आपण होऊन मिरवत नाही. बंद म्हणजे प्रकाशक आणि घरचे सोडून कुणालाही माहीत नाही. हे आजच ठरवून कागदावर लिहून ठेवा. पुढचं जवळजवळ सगळं यावरून ठरतं.

पुण्यात बंद नाव टिकवणं अवघड जातं. अप्पा बळवंत चौक, सदाशिव पेठ, नारायण पेठ एवढ्या टापूत प्रकाशक, वितरक, मुद्रितशोधक, मुखपृष्ठकार आणि बाइंडर एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. मुद्रितशोधक तुमची वाक्यरचना तिसऱ्या फॉर्मला, म्हणजे छपाईच्या पानांच्या तिसऱ्या गठ्ठ्यालाच, ओळखतो. रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने एप्रिल २०१३मध्ये आलेल्या पुस्तकाची लेखिका जे. के. रोलिंग आहे हे जुलैत बाहेर आलं. सुरुवात कुठून झाली, तर वकिलाने बायकोच्या मैत्रिणीला सांगितल्यावरून. तेव्हा संगणकाची कुलपं लावाच, पण आधी माणसं मोजा. बंद नाव पाचपेक्षा जास्त जणांना माहीत झालं की ते अर्धं उघड समजायचं आणि तसंच वागायचं.

बहुतेकांना अर्धं उघड नाव पुरतं. बंद ठेवण्याचं कारण नोकरी असेल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या. सरकारी किंवा निमसरकारी सेवेचे नियम माणसाला लागू असतात. टोपणनावाने लिहिलं म्हणून ते टळत नाहीत, आणि अब्रुनुकसानीचा दावाही टळत नाही.

नाव निवडताना

निवडलेलं नाव देवनागरीत आणि इंग्रजी लिपीत शोधून बघा. गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम, पुस्तकविक्रीची दोन-तीन संकेतस्थळं आणि एखाद्या मोठ्या ग्रंथालयाची सूची एवढं पुरे. त्याच नावाचा एखादा चालू लेखक असेल तर सोडून द्या. तुमची परीक्षणं त्याच्या खात्यात जातील आणि त्याचे वाद तुमच्या.

शुद्धलेखन एकच ठेवा. शिरीष की शिरीश, श्रीनिवासची इंग्रजी स्पेलिंग एका 'आय'ने की दोन 'ई'ने, हे एकदाच ठरवायचं. मराठी वाचक पुस्तक देवनागरीत वाचतो, पण शोधताना पुष्कळदा इंग्रजी अक्षरं टाइप करतो. म्हणून ज्याचं स्पेलिंग एकाच तऱ्हेने होऊ शकतं असं नाव बरं. ज्ञ, ऋ, क्ष असलेलं नाव कव्हरवर छान दिसतं आणि शोधपेटीत हरवतं.

आडनावाचा विचार जरा जास्त करा. आपल्याकडे आडनावावरून लोक गाव आणि जात दोन्ही काढतात, आणि पुस्तक उघडण्याआधीच मत बनवतात. जे अनुभवविश्व आपलं नाही त्याचं आडनाव लावून आत्मकथनाच्या सुरात लिहिणं हा प्रचाराचा प्रश्न नाही, खोटेपणाचा आहे. तो उघडा पडला की नावाबरोबर पुस्तकही बुडतं. 'सुत' किंवा 'अग्रज' लावलेली नावं कवितेला अजून शोभतात. भयकथेवर ती थट्टेची वाटतात.

पुरुषाने बाईचं किंवा बाईने पुरुषाचं नाव घेतलं असेल तर मराठीची एक खोच आहे. 'मी लिहिलं' म्हणून निभावतं, पण 'मी गेलो' आणि 'मी गेले' यात निभावत नाही. बाईच्या नावाच्या पेजवर घाईत 'काल चौकात गेलो होतो' असं पडलं की प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी पकडतंच. उपाय सोपा आहे. त्या नावाच्या पोस्टमध्ये 'मी'बरोबर लिंगानुसार बदलणारी क्रियापदं टाळा आणि वाक्य पुस्तकावर ठेवा: 'तिसरी आवृत्ती कालच छापून आली', 'या गोष्टीतला वाडा खराखुरा आहे'. बंद नावाला ही सवय लागलेलीच बरी.

कागदपत्रं

करार खऱ्या नावाने, 'टोपणनाव अमुक' असा उल्लेख करून. मानधन पॅन असलेल्या नावावरच येणार, त्यात पळवाट नाही आणि शोधूही नका. करारात हे कलम घालून घ्या: 'लेखकाचे खरे नाव प्रकाशक लेखकाच्या लेखी संमतीशिवाय मुद्रक, वितरक, समीक्षक वा प्रसारमाध्यमे यांना कळवणार नाही.' तोंडी आश्वासन प्रकाशन कार्यालयातला माणूस बदलला की संपतं.

कॉपीराइटची मुदत अनेकांच्या लक्षात येत नाही. १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या नावाने आलेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. टोपणनावाच्या पुस्तकाला कलम २३ लागतं आणि ६० वर्षं प्रथम प्रकाशनापासून मोजली जातात. ती संपायच्या आत ओळख उघड झाली तर मोजणी पुन्हा मृत्यूपासून. ३५ वर्षांच्या लेखिकेचं पुस्तक २०२६मध्ये आलं आणि नाव बंदच राहिलं, तर हक्क २०८६पर्यंत. ती ८० वर्षं जगली आणि नाव वेळेत उघड झालं, तर २१३१पर्यंत. वारसांच्या दृष्टीने ४५ वर्षांचा फरक. तेव्हा कोणतं पुस्तक कुणाचं हे मृत्युपत्रात किंवा मोहोरबंद पत्रात लिहून ठेवा आणि एक प्रत प्रकाशकाकडे द्या. हक्क मिळायला नोंदणी लागत नाही, पण वाद झाल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. अर्ज फॉर्म १४वर करायचा, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

स्वतःच प्रकाशक असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या संकेतस्थळावरून मिळतो. त्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे 'काढून देतो' म्हणणाऱ्या दलालाला देऊ नका. अर्जात ओळखपत्र लागतं. सार्वजनिक नोंदीत प्रकाशकाचं नाव दिसतं. आपल्याच आडनावाचं 'अमुक प्रकाशन' काढून त्यातून तिन्ही नावांची पुस्तकं छापलीत, तर तुमचा पडदा तुम्हीच फाडलात. प्रकाशनाचं नाव तटस्थ हवं. छापील आणि ई-पुस्तकाला वेगवेगळा क्रमांक घ्या.

आता छापील पुस्तकाची पहिली आठ पानं. नाव सर्वांत जास्त वेळा इथे फुटतं. छपाईला देण्याआधी ती बोट ठेवून वाचा. मराठी पुस्तकांत हक्काच्या ओळीखाली लेखकाचा पत्ता आणि फोन छापायची जुनी सवय आहे. अक्षरजुळणी करणारा मागच्या पुस्तकाची फाइल उघडून त्यावरच नवं पुस्तक चढवतो, आणि तुमचं खरं नाव, सोसायटी, पिनकोड सगळं तसंच राहतं. मग अर्पणपत्रिका: 'चि. अमुक आणि चि. तमुक यांस'. नात्यातल्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. मग मनोगत, त्यात गिरणीवाल्यापासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे आभार. प्रस्तावना लिहिणारे ज्येष्ठ 'यांच्या बालकथा मी वाचल्या आहेतच' असं मोठ्या प्रेमाने लिहून जातात. शेवटी 'लेखकाची अन्य पुस्तके' ही यादी, जी प्रकाशनात कुणीतरी उत्साहाने पूर्ण करतं. बंद नावाच्या पुस्तकात मनोगत नसलेलंच बरं. अर्पणपत्रिका हवीच असेल तर ती एखाद्या जागेला, ऋतूला किंवा झाडाला करा.

तीन नावांची एक वही

संगणकावर तक्ता करा किंवा साधी वही घ्या. प्रत्येक नावासाठी एक पान, आणि त्यावर देवनागरी व इंग्रजी लेखन, ई-मेल, फोन, समाजमाध्यमांवरची खाती, कव्हरवर वापरायचे दोन रंग आणि एक टंक (फॉन्ट), पडदा किती जाड, कुणाकुणाला माहीत आहे आणि परिचय. परिचय तीन मापांत तयार ठेवा: २५ शब्द, ६० शब्द, १५० शब्द. दिवाळी अंकाच्या संपादकाचा फोन येतो तेव्हा तो पंधरा मिनिटांत परिचय मागतो. घाईत चुकीच्या नावाचा परिचय जाण्याची वेळ हीच.

भयकथेच्या नावाचा छोटा परिचय असा चालेल: 'पुण्यात वास्तव्य. जुने वाडे, बंद पडलेल्या गिरण्या आणि रात्रीचे घाटरस्ते यांच्या कथा लिहितात. अमावास्येला नवी कथा.' यात खोटं काही नाही, फक्त बरंच सांगितलेलं नाही. परिचयात गप्प बसायला हरकत नाही, थाप मारायची नाही. न केलेली नोकरी, न घेतलेली पदवी, 'निवृत्त पोलीस अधिकारी' असलं काही कधीही लिहू नका. वाचक टोपणनाव माफ करतो, खोटी वर्दी करत नाही. फोटोऐवजी चिन्ह वापरा: कंदील, पतंग, दाराची कडी. दुसऱ्याच कुणाचा फोटो किंवा संगणकाने बनवलेला चेहरा लावणं म्हणजे पुन्हा थापच.

सहीसुद्धा या वहीत करून ठेवा. प्रत्येक नावाची सही वेगळी, आणि बँकेतली सही कुठल्याही पुस्तकावर करायची नाही. पुस्तकावरची सही शेकडो अनोळखी घरांत जाते. महोत्सवात दोन नावांची पुस्तकं समोर असली की चाळिसाव्या प्रतीला हात चुकतो. म्हणून टेबलावर ज्या नावाने सह्या चालू आहेत त्याची चिठ्ठी डोळ्यांसमोर ठेवा. सही चुकली तर खाडाखोड न करता प्रत बाजूला काढा.

ऑनलाइन

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक निघतं आणि एका खात्यातून वेगवेगळ्या लेखकनावांनी पुस्तकं टाकता येतात. दुसऱ्या नावासाठी दुसरं खातं उघडू नका. एका माणसाला एकच खातं हा ॲमेझॉनचा नियम आहे, आणि तो मोडल्यास दोन्ही खाती बंद होऊ शकतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर पुस्तक किंडलच्या सिलेक्ट योजनेत घालावं लागतं. मग ९० दिवस तेच ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही देता येत नाही. भयकथा एखाद्या मालिका-व्यासपीठावर आधीच भागांत चालू असेल तर इथे अडकायला होतं. आधी मालिका संपवून तिथून काढा, मग सिलेक्टमध्ये घाला. बालकथेला हा प्रश्न फारसा येत नाही, तिचं ई-पुस्तक तसंही कमीच खपतं.

ॲमेझॉनवर 'हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं' अशी शिफारस दिसते. नवं पुस्तक आलं की मामा-मावश्या, मित्र, सोसायटीचा ग्रुप या सगळ्यांकडून तिन्ही नावांची पुस्तकं घ्यायला लावणं हा आपल्याकडचा रिवाज. यंत्राला त्यातून एवढंच कळतं की हत्ती आणि रक्ताळलेली विहीर एकाच माणसाला आवडतात. मग ते दोन्ही शेजारीशेजारी दाखवतं. नातेवाइकांना एकच नाव द्या, आणि तेही त्यांनी खरोखर वाचण्याजोगं असेल तर. आपल्याच एका नावाने दुसऱ्या नावाच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिणं नियमात बसत नाही आणि शोभतही नाही.

फेसबुकवर वैयक्तिक खातं खऱ्या नावाचं आणि टोपणनावाचं पेज ही रचना ठेवा. पेज कोण चालवतं ते वाचकाला दिसत नाही. इन्स्टाग्रामच्या ॲपमध्ये एकाच वेळी पाच खाती ठेवता येतात, आणि घोटाळाही त्यामुळेच होतो. मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा निकाल भयकथेच्या खात्यावर पडतो. उपाय दोन. फोनवरून थेट पोस्ट करायचीच नाही, संगणकावर प्रत्येक नावाचा वेगळा ब्राउझर-प्रोफाइल वेगळ्या रंगात ठेवायचा. आणि पोस्ट आदल्या दिवशी वेळ लावून ठेवायची, म्हणजे चूक दिसायला रात्र मिळते. नवं खातं उघडताना संपर्क-यादी जोडायची परवानगी नाकारा. ती दिली की 'तुमच्या ओळखीचे' म्हणून तुमचं गुप्त नाव तुमच्या साहेबांना सुचवलं जातं.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच ती पोचते. उघड नावाला ती उत्तम. बंद नावाला चॅनल घ्या, तिथे चालवणाऱ्याचा नंबर अनुयायांना दिसत नाही. पुस्तकाचे पैसे थेट यूपीआयवर घेतलेत तर समोरच्याच्या पडद्यावर बँकेतलं नाव येतं, आणि पार्सलवर प्रेषक म्हणून तुमचा पत्ता. बंद नावाची विक्री म्हणून प्रकाशकाकडून किंवा दुकानातूनच होऊ द्या. कमिशन जातं, ते या नावाचं भाडं समजा.

शेवटच्या पानावर क्यूआर कोड छापा, प्रत्येक नावाला वेगळा. तो थेट विक्रीच्या पानाकडे नेऊ नका. तुमच्या ताब्यातल्या एका साध्या पानाकडे न्या. छापलेला कोड बदलता येत नाही, पण पानावरचा मजकूर बदलता येतो.

प्रकारागणिक वाचक

बालकथेत वाचणारा आणि विकत घेणारा वेगळा. घेणारी आई, आजोबा किंवा शाळेतल्या बाई. त्यांचा पहिला प्रश्न 'वयोगट कोणता?', दुसरा 'जोडाक्षरं किती?' हे मलपृष्ठावर ठळक हवं. शाळेत, ग्रंथालयात कार्यक्रम करताना बारा मिनिटं गोष्ट वाचा आणि शेवटाच्या एक पान आधी थांबा. उरलेलं मुलं सांगतील, त्यांतली निम्मी घरी जाऊन पुस्तक मागतील. पंचवीस मिनिटं भाषण केलंत तर मागची रांग एकमेकांचे डबे उघडेल. शाळेतलं पत्रक मुलांच्या हातात देऊ नका, ते दप्तराच्या तळाशी जातं. वर्गशिक्षिकेकडून पालकांच्या ग्रुपवर जाऊ द्या. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, उन्हाळी सुट्टीतली शिबिरं, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि १४ नोव्हेंबर या तारखांना शाळांना पाहुणा हवाच असतो. पत्र दीड महिना आधी गेलं पाहिजे. मुलांसमोर जायचं म्हणजे चेहरा आला. म्हणून तीन नावांपैकी चेहरा कोणाला द्यायचा असा प्रश्न असेल तर तो बालसाहित्याच्या नावाला द्या आणि भयकथेचं नाव पडद्याआड ठेवा. उलटं करून चालत नाही.

भयकथेचा वाचक रात्री, फोनवर, दिवा मालवल्यावर वाचतो किंवा कानात इअरफोन घालून ऐकतो. त्याला लेखकाचा चेहरा नकोच असतो. इथे सातत्य विकलं जातं. महिन्याला एक कथा, हजार-बाराशे शब्दांची, दर अमावास्येला रात्री नऊ वाजता. तारीख कालनिर्णय सांगतं, तुम्हाला जाहिरात करावी लागत नाही. वर्षाच्या बारा कथांमधल्या आठ चांगल्या निघाल्या तर संग्रहाची निम्मी बेगमी झाली. कथा पूर्ण द्या. अर्धी देऊन 'पुढचं पुस्तकात' केलं की वाचक शिव्या घालतो आणि पुस्तक घेत नाही. कव्हरवर मजकूर कमी ठेवा, कारण ते अंगठ्याच्या नखाएवढं दिसणार आहे. छपाईला देण्याआधी कव्हर फोनवर तेवढं करून बघा, नाव वाचता येत नसेल तर बदला.

वैचारिक आणि ललित लेखनाला दिवाळी अंक, रविवार पुरवण्या, वाचनालयं आणि महाराष्ट्र साहित्य परिषदेसारख्या संस्थांचे कार्यक्रम. हे नाव बहुधा खरंच असतं. दिवाळी अंकाला मजकूर जुलैअखेर द्यावा, ऑगस्टच्या शेवटी पाठवलेलं लेखन चांगलं असलं तरी पानं भरलेली असतात. एकाच अंकाला दोन नावांनी मजकूर द्यायचा असेल तर संपादकाला आधी सांगा. न सांगता दिलंत आणि त्याला नंतर कळलं तर पुढच्या वर्षी दोन्ही नावं गाळली जातील, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

प्रकाशन समारंभाबद्दल थोडं कडू. पुण्यातल्या सभागृहात दीडशे माणसं जमतात. त्यांतली शंभर नात्याची किंवा सोसायटीची, पन्नास पाहुण्यांना ऐकायला आलेली. पुस्तकं खपतात चाळीस, आणि त्यांत नवा वाचक एखाद-दुसरा. एका नावाला एकदा हौस करा. बंद नावाला समारंभ नकोच. त्याऐवजी दोन चांगल्या वाचणाऱ्यांकडून तासाभराचं अभिवाचन ठेवा, लेखक तिसऱ्या रांगेत बसून ऐकू शकतो.

पैसा आणि वर्षाचं वेळापत्रक

हिशेब उदाहरणाने पाहू. पुस्तकाची किंमत २५० रुपये, वितरकाला ४० टक्के, हातात १५०. छपाईचा खर्च प्रतीमागे ९० धरला तर उरले ६०. एक प्रत खपवायला जाहिरातीवर ७० रुपये गेले तर प्रत्येक विक्रीला दहा रुपये तोटा. हे गणित प्रत्येक नावाचं वेगळं मांडा. एकत्र मांडलं की बालकथेचा नफा भयकथेचा तोटा झाकतो आणि वर्षअखेरीपर्यंत कळत नाही. ५०० प्रतींच्या आवृत्तीतल्या ४० प्रती भेटीसाठी काढा: वृत्तपत्रं आणि मासिकांना ८, ग्रंथालयांना १०, त्या प्रकारच्या बोलक्या वाचकांना १५, हाताशी ७. भयकथेच्या प्रती ललितलेखनाच्या परीक्षकाला पाठवू नका. तो वाचणार नाही, आणि वाचलंच तर फार वाईट.

तिन्ही नावांना वर्षभर सारखं पाणी घालू नका. कोणत्याही तिमाहीत एक नाव जोरात, एक संथ, एक झोपलेलं. फेब्रुवारी ते एप्रिल बालकथा जोरात. जून-जुलै दिवाळी अंकांसाठी लिहायचं, तेव्हा सगळीकडे फक्त हजेरी. ऑगस्ट ते ऑक्टोबर भयकथा, पावसाळी रात्री आणि पितृपक्षातली सर्वपित्री अमावास्या आपसूक मदतीला असते. डिसेंबरात महोत्सव, तेव्हा तिन्ही नावं स्टॉलवर, पण मांडणी वेगळी. बालपुस्तकं खाली, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, भयकथा दुसऱ्या टोकाला वरच्या फळीवर. वर्षाला ३०,००० रुपये असतील तर जोरातल्या नावाला १८,०००, संथ नावाला ९,००० आणि झोपलेल्याला ३,०००. दहा-दहा हजार वाटून टाकलेत तर कुणाचंच पोट भरत नाही.

नाव फुटलं तर

तीन ओळींचं निवेदन वहीत आधीच लिहून ठेवा: हो, ही पुस्तकं माझी आहेत. वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नावं वेगळी ठेवली. पुढेही तशीच राहतील. फुटल्यापासून एका दिवसात हेच तिन्ही पेजवर टाका. नाकारू नका. 'तो मी नव्हेच' म्हटलं की लोक जुन्या पोस्टमधली वाक्यं शेजारीशेजारी लावून दाखवायला लागतात. बालकथेच्या पालकांना वेगळी एक ओळ हवी: मुलांच्या पुस्तकांत भयकथेचा संदर्भ किंवा जाहिरात कधीही येणार नाही. छापलेल्या प्रतींवर स्टिकर चिकटवत बसू नका, आवृत्ती संपू द्या. आपण होऊन उघड करायचं असेल तर नव्या आवृत्तीची वेळ साधा आणि मुखपृष्ठावर खऱ्या नावाखाली लहान अक्षरांत 'पूर्वी अमुक या नावाने' असं छापा. जुनं नाव काढूनच टाकलंत तर जुन्या वाचकाला पुस्तक सापडत नाही.

नाव मिटवायचं असेल तर

दोन वर्षांत एखाद्या नावाच्या खात्यात क्यूआरवरून माणसं येत नाहीत, वाचकांची पत्रं येत नाहीत आणि तुम्हालाही त्या नावाने लिहावंसं वाटत नाही, तर ते मिटवा. पेज आणि खाती पुसू नका. पुसलेलं खातेनाव दुसरं कुणीही घेऊ शकतं, आणि तुमच्या छापील पुस्तकातला पत्ता मग त्याच्या दारात जातो. शेवटची पोस्ट वर टाचून ठेवा, त्यात पुस्तकं कुठे मिळतील तेवढं लिहा. ई-मेल मुख्य पत्त्याकडे वळवा, क्यूआरच्या पानावर दुकानाचा पत्ता द्या. उरलेल्या प्रती रद्दीत जाण्याआधी प्रकाशकाकडे पत्राने मागा. लेखकाला त्या सवलतीत मिळाव्यात अशी ओळ करारात पहिल्या दिवशीच घालून घेतलेली असली, तर पत्र एकदाच लिहावं लागतं.